शांताबाईंची पडण्याची परीक्षा

"पडायचंच असेल तर दाराकडे डोकं करून पडावं, म्हणजे आवाज बाहेर जातो."

हे वाक्य शांताबाई ओव्हाळ एकदा डोंबिवलीतल्या बागेत, ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर म्हणाल्या. तोवर तिथे गुडघेदुखीवर शांतपणे चर्चा चालली होती. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "पडताना माणूस दिशा कशी निवडणार हो?"

"लग्नाच्या हॉलमध्ये चपला कुठे काढायच्या ते आत शिरायच्या आधी ठरवता ना साहेब? तसंच."

मग त्यांनी तिथेच, गवतावर, पडून दाखवलं. आधी कुशीवर, मग पोटावर, मग दोन हात आणि एक गुडघा, मग बाकाचा आधार. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, नऊवारी नाही, साधी पाचवारी नेसून. पुढच्या आठवड्यात कट्ट्यावरचे सहा जण ओळीने गवतावर पडलेले पाहून बागेचा माळी घाबरून पाण्याचा पाइप सोडून पळाला होता.

शांताबाईंनी एकतीस वर्षं कल्याणच्या एका सरकारी इस्पितळात आया म्हणून काम केलं. तिथे त्यांनी माणसं पडताना पाहिली: खाटेवरून, जिन्यावरून, स्वतःच्या बाळाचं तोंड पाहून. एक सर्जन तर स्वतःच्याच कापलेल्या बोटाचं रक्त बघून पडले होते. पडण्याला लाजायचं नसतं, हे त्या तिथे शिकल्या. पडलेल्याला किती वेळाने उचललं, एवढंच शेवटी केसपेपरवर उरतं, असं त्या म्हणायच्या.

तरी गेल्या वर्षी त्या स्वतः पडल्या त्या न्हाणीघरात, आणि आतून कडी लावून. तीन तास. त्या तीन तासांत त्यांनी भिंतीवरच्या फरशा मोजल्या. बेचाळीस निघाल्या, त्यातली एक उलटी बसवलेली. बिल्डरला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या, बुद्धवंदना दोनदा म्हणून झाली, आणि मग छताकडे बघत राहण्यावाचून काही उरलं नाही. छताला ओल येऊन जो डाग पडला होता तो आधी बदकासारखा दिसत होता, तिसऱ्या तासाला तो कुणासारखाच दिसेना. मुलगा सम्यक ठाण्याहून आला, दार तोडलं. आई अंगावर टॉवेल पांघरून, पाय उलट्या बादलीवर ठेवून पडली होती. म्हणाली, "आलास? येताना दूध आणलंस का?"

नंतर न्हाणीघराची कडी त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकली. आत कुणी आहे हे कळावं म्हणून दाराला जुने घुंगरांचे चाळ बांधले. एक फोन गुडघ्याच्या उंचीवर भिंतीला लटकवला. उभ्या माणसाला तो वाकून उचलावा लागे, पण शांताबाई म्हणत की उभ्या माणसासाठी तो नाहीच. औषधांची यादी फ्रिजवर आणि तिची एक प्रत बटव्यात.

सम्यकने गळ्यात घालायचं एक बटण आणून दिलं. दाबलं की त्याच्या फोनवर भोंगा वाजायचा. पहिल्या आठवड्यात भोंगा अकरा वेळा वाजला. आठव्या वेळी सम्यक ऐरोलीच्या ऑफिसातून मीटिंग टाकून, फोन कानाला लावून जिन्यापर्यंत धावला.

"आई, काय झालं? कुठे लागलं?"

"काही नाही रे. तू धावतोस का ते बघत होते."

अकराव्या वेळेनंतर सम्यक धावेनासा झाला. शांताबाईंनी बटण काढून खुंटीला टांगलं. "बघ, तुझीच परीक्षा होती. नापास झालास."

हे विनोद सम्यकला पचत नव्हते. त्याला न्हाणीघरातले ते तीन तास आठवायचे. आईने डोंबिवलीचं घर बंद करावं आणि ठाण्याला घोडबंदर रोडला, त्याच्या आणि सूनबाई रचनाच्या बाविसाव्या मजल्यावरच्या घरी यावं, असं तो वर्षभर सांगत होता. आणि शांताबाईंना जगात एकच गोष्ट हवी होती: तिसऱ्या मजल्यावरचं हे दीड खोलीचं घर, जिथे त्या कुणाला न विचारता लसणाची फोडणी देऊ शकत होत्या.

मे महिन्यात एमआयडीसीत कुठल्यातरी कंपनीत काहीतरी फुटलं. इमारतीच्या दोन काचा गेल्या, आणि दोन दिवस हवेला कुजक्या अंड्यांचा वास येत राहिला. सोसायटीने ठरवलं, म्हाताऱ्या माणसांसाठी इमारतीतून बाहेर पडण्याचा सराव घ्यायचा. सरावाचं काम सम्यकने मागून घेतलं. आणि त्यातच त्याने आईशी पैज लावली.

"दोन गोष्टी. शिट्टी वाजल्यावर तू चार मिनिटांत जिन्याने खाली आली पाहिजेस. आणि तू घरात पडलीस असं धरून, पाच मिनिटांत कुणीतरी बाहेरून दार उघडून तुझ्यापर्यंत पोचलं पाहिजे. दोन्ही जमलं तर मी पुन्हा ठाण्याचं नाव काढणार नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुढच्या रविवारी तू माझ्याकडे."

शांताबाईंनी हात पुढे केला. "दिला शब्द."

त्या निर्धास्त होत्या, कारण मजल्यावर तीनच दारं, आणि तिन्ही दारांतली माणसं चाळीस वर्षांची ओळखीची. इथे आधी चाळ होती, ती पाडून ही इमारत उभी राहिली. डावीकडे धाकू परब, वय ऐंशी, गोदीतून निवृत्त, विधुर. उजवीकडे वैशंपायन बाई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, अविवाहित. सम्यकही त्यांच्याच हाताखालून गेलेला. चाळीत दारं दिवसभर उघडी असायची, कुणी शिंकलं तरी दोन घरांतून "काढा घे" असं यायचं. नव्या इमारतीत प्रत्येक दाराला लॅच आलं. दार ओढलं की आपोआप बंद, मग बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. तेव्हा तिघांनी एकमेकांकडे जादा चाव्या ठेवल्या.

कुणी कुणाकडे ठेवली यालाही एक रीत होती. शांताबाईंनी आपली चावी धाकूदादांना दिली, कारण ते दिवसभर घरात. आता धाकूदादांनी आपली शांताबाईंना द्यावी हे सरळ होतं. पण ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्याच्याच हातात लगेच आपली चावी ठेवायची म्हणजे परतफेड केल्यासारखं दिसतं, ते त्यांना बरं वाटेना. त्यांनी ती वैशंपायन बाईंना दिली, बाई टापटिपीच्या म्हणून. बाईंनाही परबांना उलट चावी द्यायचा संकोच, शिवाय परब चपला घालून आत येतील ही भीती. त्यांनी ती शांताबाईंना दिली. असं तिघांनी तिघांचं मन राखलं, आणि पाच वर्षं कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. गणिताच्या बाईंनाही नाही.

रविवारी सकाळी अकरा वाजता सम्यक शिट्टी आणि छापील कागद घेऊन आला. कागदावर ठळक अक्षरांत सूचना होत्या: गॅस बंद करा, औषधं घ्या, पाण्याची बाटली घ्या, ओळखपत्र घ्या, नाकाला ओला रुमाल लावा, दार ओढून घ्या, लिफ्ट वापरू नका. आग लागली तर एकशे एक, अँब्युलन्स हवी तर एकशे आठ. सगळं होतं. चावी नव्हती.

शिट्टी वाजली. वैशंपायन बाई ओळखपत्र गळ्यात अडकवून, ओला रुमाल नाकाला लावून, शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या बाहेर पडल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. धाकूदादा लुंगीवर बाहेर आले. त्यांच्या गॅसवर बांगड्याचं कालवण मंद आचेवर होतं. ते त्यांनी बंद केलं नाही. खोट्या आगीसाठी खरं कालवण कशाला बिघडवायचं, असा त्यांचा विचार. तेवढ्यात पॅसेजमधल्या वाऱ्याने त्यांचं दार मागून आपटलं. शांताबाई शेवटी निघाल्या, पण दोघांना मागे टाकून तीन मिनिटं दहा सेकंदांत खाली उभ्या होत्या.

"पहिला पेपर पास," त्या म्हणाल्या. "पेढे कुठायत?"

"दुसरा राहिलाय अजून," सम्यक म्हणाला.

दुसऱ्या पेपरासाठी शांताबाई एकट्याच लिफ्टने वर गेल्या. कमरेच्या बटव्यातून चावी काढून दार उघडलं, आत शिरून ओढून घेतलं आणि जमिनीवर आडव्या झाल्या, डोकं दाराकडे. नियम असा होता, की कुणी आत येईपर्यंत उठायचं नाही.

जमिनीवरून घर वेगळंच दिसतं. टेबलाला पोट असतं, खाटेखाली अंधाराचा एक चौकोनी तुकडा असतो, तिथे वर्षभरापूर्वी हरवलेली सुई चमकत असते. शांताबाईंनी सुईची जागा लक्षात ठेवली.

बाहेर शिट्टी वाजली. लिफ्टचं दार सरकलं. पावलं आली. आणि मग बराच वेळ काहीच झालं नाही.

"दादा, चावी काढा ना," हा सम्यकचा आवाज.

"काढतो की. आत खिळ्याला लावलीय."

"मग दार उघडा तुमचं."

"माझ्या दाराची चावी बाईंकडे असते."

"बाई?"

"माझ्या घरात आहे. चाव्यांच्या फळीवर. नाव घालून ठेवलीय," वैशंपायन बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज हळूहळू खाली गेला. "आणि माझ्या घराची चावी शांताबाईंकडे."

तीस वर्षं फळ्यावर वर्तुळं काढलेल्या बाई पॅसेजमध्ये चाव्यांच्या वर्तुळाच्या मध्यभागी उभ्या होत्या.

आतून शांताबाईंना हसू आवरेना. पडलेल्या माणसाने हसू नये म्हणून त्यांनी तोंडात पदर कोंबला. इमारतीत त्या क्षणी ज्या एका माणसाला सगळी दारं उघडता आली असती, तो माणूस बेशुद्ध पडला होता आणि पदर चावत होता.

"दोन मिनिटं झाली," सम्यक म्हणाला. खूश व्हावं की घाबरावं हे त्याच्या आवाजाला ठरवता येत नव्हतं.

"काय रे सम्यक, तुझ्या कागदावर चावी का नव्हती?" बाईंनी विचारलं.

"बाई, चावी घ्यायची हे काय सांगायला लागतं का?"

"तुला सातवीत हातचा घ्यायचाही सांगायला लागायचा."

"अहो, भांडताय काय!" धाकूदादा म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज बदलला. चाळीस वर्षांची डोंबिवली गळून पडली आणि थेट मालवण बाहेर आलं. "अरे देवा! माझां कालवण! शांताबाय गो, उघड गो! कालवण करपता माझां!"

त्यांच्या दाराच्या फटीतून धूर येत होता. पातळ, तपकिरी, बांगड्याच्या वासाचा. सम्यकने धाकूदादांच्या दाराला खांदा लावून पाहिला. दार नवीन होतं, चांगलं होतं, बिल्डरने इमारतीत केलेलं बहुधा तेवढंच चांगलं काम होतं.

"आई! उठ!"

"मी पडलेय," आतून आवाज आला.

"आई, खरंच धूर येतोय!"

आता वास दाराखालून आतही आला. शांताबाईंच्या नाकाला एकतीस वर्षांची सवय होती, खोटा आणि खरा वास त्यांना कळायचा. हसू थांबलं. उठलं की परीक्षा संपली, हे त्यांना माहीत होतं. घर गेलं. पुढच्या रविवारी बाविसावा मजला. त्या एक क्षण खाटेखालच्या सुईकडे बघत राहिल्या. मग कुशीवर वळल्या, पोटावर, दोन हात, एक गुडघा, टेबलाचा पाय. घाई न करता, कट्ट्यावर शिकवलं होतं अगदी तसंच. खुंटीवरून बाईंची चावी घेतली आणि दार उघडलं.

"बाजूला व्हा. बाई, रुमाल इकडे. दादा, तुम्ही जिन्यात उभे राहा, कालवणाला हाका मारू नका."

बाईंचं दार उघडलं. फळीवर सुवाच्य अक्षरात 'परब' लिहिलेली पट्टी बांधलेली चावी. धाकूदादांचं दार. धुराचा एक लोट बाहेर आला. शांताबाई ओला रुमाल नाकाला लावून कमरेत वाकून आत गेल्या. सम्यक मागोमाग आला आणि त्याने पंख्याच्या बटणाकडे हात नेला. त्याच्या हातावर चापट बसली.

"बटणाला हात नाही लावायचा! रस्सा उतू जाऊन आच विझली असेल, गॅस सुटला असेल, काय माहीत. ठिणगी कशाला?"

त्यांनी शेगडीचा कान पिरगाळला, सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवला, खिडकी उघडली, पातेलं फडक्याने धरून मोरीत ठेवलं. बाहेर येऊन खोकल्या. मग म्हणाल्या, "बांगडे गेले, दादा. सहा होते. शांतपणे गेले."

धाकूदादांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं की बांगड्यांचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

सम्यकच्या हातातला फोन अजून सेकंद मोजत होता. आईपर्यंत पाच मिनिटांत कुणी पोचलं नव्हतं. आईच सगळ्यांपर्यंत पोचली होती. पण पैज ती नव्हती.

सगळे शांताबाईंच्या घरात बसले. चहा झाला. सम्यकने कप खाली ठेवला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. हरले मी."

वैशंपायन बाई काही बोलणार होत्या, शांताबाईंनी हाताने थांबवलं. "नाही बाई, शब्द दिलाय. फक्त एक सांग सम्यक. तुझ्याकडची परीक्षा कधी घ्यायची?"

"कसली?"

"मी बाविसाव्या मजल्यावर पडले तर पाच मिनिटांत कोण येतं, त्याची."

"आमच्याकडे डिजिटल लॉक आहे आई. कोड दाबला की उघडतं. चावीचा प्रश्नच नाही."

"कोड कुणाला माहितीये?"

"मला. रचनाला."

"रचना ऑफिसातून येते कधी?"

"आठला."

"आणि तू?"

"साडेआठ. कधी नऊ."

"शेजारी कोण राहतं?"

सम्यक आठवू लागला. बाविसाव्या मजल्यावर चार दारं होती. त्याला एका दारावरचं तोरण आठवलं, दुसऱ्या दाराबाहेरच्या सायकली आठवल्या. "समोर एक फॅमिली आहे. त्यांच्याकडे कुत्रा आहे."

"नाव काय?"

"ब्रूनो."

"कुत्र्याचं नव्हे रे."

सम्यक कपात बघू लागला.

"मग ब्रूनोला कोड सांगून ठेव," शांताबाई म्हणाल्या. "सकाळी आठ ते रात्री आठ तोच येईल बहुतेक."

धाकूदादा हसले, खोकले, पुन्हा हसले. बाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "सम्यक, उत्तर दे."

"माझं उत्तर चुकलं, बाई," सम्यक म्हणाला. "पण इथलंही उत्तर चुकलंच ना?"

"चुकलं," बाई म्हणाल्या. "दोन्ही चुकली. फेरपरीक्षा."

सम्यकने आईकडे पाहिलं. गेल्या वर्षी न्हाणीघराचं दार तोडल्यावर पाहिलं होतं तसंच. "ठीक आहे. आजच. आत्ता. आधी चाव्यांचं नीट ठरवा. मग तू पुन्हा पडायचं. पाच मिनिटांत कुणी आलं, तर राहा इथे. नाही तर मी ठाण्यात अर्धा दिवस सोबतीला बाई ठेवतो, कोड तिला देतो, पण तू यायचंस."

"कबूल," शांताबाई म्हणाल्या. "मला सांगा, या इमारतीत दिवसभर ज्याचं दार बंदच होत नाही असा कोण आहे?"

"काळुराम," धाकूदादा म्हणाले. काळुरामची तळमजल्यावर पिठाची गिरण होती. सकाळी आठला शटर वर, रात्री नऊला खाली, आणि मागच्या खोलीत त्याचं कुटुंब राहायचं. मूळचा इथलाच, आगरी. इमारतीतल्या प्रत्येकाचं दळण त्याला पाठ होतं, कोण किती जाड भाकरी खातं इथपर्यंत.

"गिरणीत चाव्या?" सम्यक म्हणाला. "दिवसाला शंभर माणसं येतात तिथे! आई, सिक्युरिटी नावाची काही गोष्ट असते."

"चावीवर नाव नको, नंबर नको. खूण फक्त त्याला माहीत," बाई म्हणाल्या. "पण पीठ जाईल चाव्यांच्या दातांत. डबी लागेल. मी डब्यांवर अ, ब, क घालते."

"म्हणजे माझ्याकडची काढून घेणार?" धाकूदादांचा चेहरा पडला. "पाच वर्षं खिळ्याला आहे गो शांताबाय. रोज अगरबत्ती फिरवताना तिच्यावरूनही फिरवतो मी. काय चुकलं माझं?"

"कालवण चुकलं तुमचं," बाई म्हणाल्या.

"कालवण काढू नका हं बाई!"

"आपण असं करू," सम्यकने फोन काढला. "एक ग्रुप बनवू. कोणाची चावी कोणाकडे, कोण कधी घराबाहेर, सगळं त्यावर टाकायचं. परबकाका, तुमचा नंबर तोच ना?"

"दोन-दोन चाव्या कर. एक गिरणीत, एक माझ्याकडे!"

"चाव्यांची संख्या वाढली की शक्यता वाढतात, आणि चुकांच्याही वाढतात. सम्यक, कागद दे, मी मांडून दाखवते."

"बाई, प्लीज, मांडू नका, आधी सगळे व्हॉट्सॲप उघडा..."

शांताबाई खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या. टेबलावर तीन जादा चाव्या पडल्या होत्या, धाकूदादांनी खिळ्यावरून काढून आणलेलीही. धाकूदादांच्या चावीची 'परब' लिहिलेली पट्टी त्यांनी सोडवून बाईंच्या कपापाशी ठेवली. बाईंच्या चावीला लाल दोरा बांधला, धाकूदादांच्या चावीला पांढरा, स्वतःच्या चावीला काहीच नाही. तिन्ही मुठीत घेतल्या. मागे तिघांचे आवाज एकमेकांवर चढत होते. त्यांनी पायात चपला सरकवल्या, दार पूर्ण उघडं केलं, आणि काळुरामच्या गिरणीकडे जिना उतरायला लागल्या.